चुना धुऊन पाहिला का?

दिवाळीच्या सुट्टीत मी घरच्या तीन माणसांची त्वचा तपासली आणि तिघांच्याही फॉर्मवर 'त्वचेचा रंग' या रकान्यात 'गुलाबी' असं लिहिलं.

याला कारण होतं. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला नमुन्यादाखल एक भरलेला फॉर्म दिला होता. त्यात निरोगी माणसाची त्वचा 'गुलाबी, उबदार, कोरडी' अशी लिहिली होती. मी आईकडे पाहिलं. आई उबदार होती, कोरडीही होती. गुलाबी मात्र ती कुठूनच नव्हती. पण 'गुलाबी' लिहिलं नाही तर आई आजारी आहे असा अर्थ निघेल, अशी मला भीती वाटली. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. छापील कागदाचं आणि आपल्या डोळ्यांचं जमलं नाही की डोळेच चुकले असणार, असं मी तेव्हा धरून चालायचे.

ते फॉर्म तपासून यायला मार्च उजाडला. मॅडमनी माझे फॉर्म हातात घेतले, चष्मा वर सरकवला आणि सगळ्या वर्गासमोर विचारलं, "तुमच्याकडे गुलाबी कोण आहे गं? मला भेटायचंय त्यांना."

वर्ग हसला. माझ्या खोलीतली मैत्रीण झरी जामणीकडची आहे. ती बाकाखाली तोंड घालून म्हणाली, "आमच्या घरी तं फक्त नवी बादली गुलाबी हाय."

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी पुस्तकातले फोटो उघडून दाखवले. सगळे फोटो गोऱ्यापान माणसांचे. त्या म्हणाल्या, "अंगावर लाली आली हे यांच्या कातडीवर दिसतं. आपल्या माणसांच्या कातडीवर ती अशी दिसणार नाही. तिथं हात लावा, गरम लागतं का बघा. रक्त कमी असेल तर खालची पापणी ओढून बघा, तळहात बघा, जीभ बघा. कावीळ डोळ्यांच्या पांढऱ्यात बघा, तीही उन्हाच्या उजेडात. दोन्ही हात शेजारी ठेवून बघा. आणि डोळ्यांना कळलं नाही तर बोटांना विचारा."

मी सगळं वहीत उतरवून घेतलं. मग बाबांच्या फॉर्मचं दुसरं पान उलटलं, तर तिथं लाल शाईचा एक गोल होता. गोलात माझीच नोंद होती : 'उजवा हात, मनगटाच्या वर, चुन्याचे पांढरे डाग, तीन.' त्याच्या बाजूला मॅडमनी लिहिलं होतं : 'चुना धुऊन पाहिला का?'

यावर मात्र त्यांनी वर्गात काही विचारलं नाही. तास संपल्यावर मला थांबवून घेतलं.

"तिन्ही डाग सारखेच होते?"

"एक मोठा होता, मॅडम. बाटलीच्या झाकणाएवढा. पण माझे बाबा रंगकाम करतात. त्यांच्या अंगावर डाग असतातच."

"असू देत. एप्रिलमध्ये घरी जाशील तेव्हा धुऊन बघ. नाही निघाला तर कापसाची परीक्षा कर. आठवते ना?"

आठवत होती. कापसाच्या पुंजक्याला पीळ देऊन टोक काढायचं. माणसाला आधी उघड्या डोळ्यांनी दाखवायचं, मग डोळे मिटायला सांगायचे. कापूस जिथं लागेल तिथं त्यानं स्वतःचं बोट ठेवायचं. आजूबाजूच्या कातडीपेक्षा फिकट चट्टा असेल आणि त्याच्यावर कापूस लागलेला कळत नसेल, तर ती कुष्ठरोगाची खूण. तेव्हाच ओळखला तर गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. उशीर झाला तर हाताची बोटं कमजोर होत जातात. हे सगळं परीक्षेत मी पाचपैकी पाच गुणांना लिहिलं होतं. लिहिताना बाबांचा हात डोळ्यांपुढं आला नव्हता.

संध्याकाळी घरी फोन लावला.

"बाबा, तुमच्या हातावर ते डाग हायेत ना, मनगटाच्या वर?"

"चुना हाय वं थो," बाबा लगेच म्हणाले. "जेवली का तू?"

मला इतकं बरं वाटलं की मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

आमचं गाव मारेगाव तालुक्यात आहे. बाबा आसपासच्या गावांतली घरं रंगवतात. पूर्वी चुना, आता डिस्टेंपर, आणि ज्याच्या घरी लग्न असेल त्याच्याकडं चकाकणारा ऑइल पेंट. बाबांचा स्वतःचा रंग कोणता हे आम्हाला नीट माहीत नाही. माझी धाकटी बहीण दहावीला आहे. ती म्हणते, बाबा आज कोणाच्या घरी गेलते हे विचारायची गरज नाही, कानामागं पाह्यलं की समजते. माझ्या अॅडमिशनच्या दिवशी बाबा पहाटेपासून थिनरनं अंग घासत होते. तरी एक कान पिस्ता रंगाचा राहिलाच. कॉलेजातले सर माझे कागद तपासत होते, पण दर दोन ओळींनंतर त्यांची नजर त्या कानाकडं जायची. बाबांना वाटलं, सर आपल्याकडं मानानं पाहतायत. तेही दर वेळी मान लववत होते.

भिंतीच्या बाबतीत मात्र बाबांना कोणी फसवू शकत नाही. भिंत रंगवण्याआधी ते तिच्यावरून तळहात फिरवतात. मग बल्ब घेऊन भिंतीला चिकटून उभे राहतात आणि उजेड आडवा टाकतात. समोरून सपाट दिसणारी भिंत आडव्या उजेडात सगळं सांगून टाकते, कुठं फुगलीय, कुठं ओल आहे, कुठं कोणी आधी घाईत बुजवलंय. लहानपणी मी त्यांचा बल्ब धरायचे. "रंग फसवते," ते म्हणायचे, "हात नाही फसवत." मॅडम वर्गात 'बोटांना विचारा' म्हणाल्या तेव्हा मला वाटलं, हे तर मी आधी कुठंतरी ऐकलंय.

एप्रिलमध्ये मी घरी पोचले तेव्हा जयंतीला दोन दिवस होते. बाबा विहाराला रंग देत होते, त्यामुळे ते निळे होते. मी आल्याआल्या आईनं शेजारी सांगून टाकलं की पोरगी अंगावरचं सगळं ओळखते. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात माणसं बसली. कोणी घामोळ्या दाखवल्या, कोणी गजकर्ण. एका काकूंनी बिब्ब्यानं उतलेला पाय दाखवला आणि म्हणाल्या, "हे कायनं झालं थे तू वळख. मी सांगनार नाही." मी घाबरत घाबरत 'बिब्बा' म्हटलं. त्या खूश झाल्या. मीही झाले. त्या एका दिवसात माझी जेवढी इज्जत झाली तेवढी आजवर झाली नव्हती. ती बरोबर एक दिवस टिकली.

जयंतीच्या मिरवणुकीत मोठेबा नाचले. मोठेबा म्हणजे बाबांचे चुलतभाऊ, साठीच्या पुढचे, दम्याची थोडी खोड असलेले. नाचून झाल्यावर ते निंबाच्या झाडाखाली येऊन बसले, मान मागं टाकून. मी जवळून जात होते. पाहिलं तर ते धापा टाकतायत आणि त्यांची नखं निळी.

अंगात प्राणवायू कमी पडला की नखं आणि ओठ निळे पडतात, हे मला तोंडपाठ होतं. पण मी शहाणी झाले होते. आजच्या दिवशी सगळं गावच निळ्या गुलालात आहे, नखांवर विश्वास ठेवायचा नाही. मॅडमनी सांगितलंय, वरचा रंग फसवतो, जीभ पाहा.

"मोठेबा, जीभ दाखवा."

मोठेबांनी जीभ काढली. ती निळीभोर होती.

त्यानंतर मी काय काय केलं ते बहीण अजून दर पाहुण्याला करून दाखवते. मी मोठेबांच्या सदऱ्याची बटणं तोडली. त्यांना आडवं केलं. "गाडी बोलवा! निळे पडले, निळे पडले!" असं ओरडत मी मिरवणुकीत शिरले. तिथं दोनशे माणसं निळी पडलेली होती. ती नाचता नाचता मला पाहून आणखी जोरात नाचायला लागली, त्यांना वाटलं मीही जोशात आलेय. शेवटी आईनं मला दंडाला धरून परत आणलं. मोठेबा उठून बसले होते आणि तुटलेली बटणं मातीतून वेचत होते.

"अवं पोरी," ते म्हणाले, "मी गोला खाल्ला."

"काय?"

"बरफाचा गोला. निळा. दोन खाल्ले. तुले पाहिजे का?"

त्या दिवसापासून मला गावात 'एकशे आठ' म्हणतात. अंगणातली रांग संपली. बिब्ब्यावाल्या काकूसुद्धा म्हणाल्या की पोरगी चांगली हाय, पन जरा भडकते.

हे सगळं सांगायचं कारण असं की दोन दिवसांनी जेव्हा मला खरंच काही दिसलं, तेव्हा माझ्या शब्दाला घरात एका बटणाचीही किंमत उरली नव्हती.

विहाराचं काम संपल्यावर बाबा घरी बसले होते. दुपार होती. आमच्याकडं एप्रिलच्या दुपारी माणूस नुसता बसला तरी घामानं निथळतो. बाबा दाराशी टेकून बसले होते आणि दारातून ऊन आडवं येत होतं. त्यांचा उजवा हात गुडघ्यावर होता. निळ्या शिंतोड्यांच्या मधे ते तीन पांढरे डाग.

तेच तीन. एक मोठा, बाजूला दोन बारीक. दिवाळीत होते तिथंच.

शिंतोडा कधी पुन्हा त्याच जागी पडतो का? मी रंगाऱ्याची मुलगी आहे, एवढं मला कळायला हवं होतं.

"बाबा, हात धुवायचा तुमचा. मले फॉर्म पुन्हा भराचा हाय."

"मागं भरला ना."

"थो चुकला. मी तुमाले गुलाबी लिहिलं होतं."

बाबांनी स्वतःकडं पाहिलं. "आता निळा लिही," ते म्हणाले.

आई आतून म्हणाली, "अवं, धू द्या ना तिले. पोरीचे मार्क जातीन." मार्कांचं नाव निघालं की आमच्या घरात कोणी वाद घालत नाही. बाबांनी हात पुढं केला, पण जरा उशिरा केला.

आधी घासलेटचा बोळा, मग साबण, मग पाणी. निळं निघालं. बारीक दोन डाग निघाले, पांढरं पाणी होऊन वाहून गेले. मोठा राहिला. मी आणखी घासलं. आजूबाजूची कातडी गरम झाली, तरी तो तसाच. हात पुसला आणि दारातल्या उन्हात आडवा धरला. दोन मिनिटांत सगळ्या हातावर पुन्हा घाम आला, हात चकाकायला लागला. त्या एका चकतीवर घाम नव्हता. ती सुकी होती. तिच्यावर केसही विरळ होते. रंग चुन्यासारखा पांढरा नव्हताच, फक्त आजूबाजूपेक्षा फिकट होता. इतके महिने मी त्याला पांढरा म्हणत होते, कारण मला कोणीतरी चुना म्हणून सांगितलं होतं.

मी उशीतून कापूस काढला. त्याला पीळ देऊन टोक काढलं.

"आता परीक्षा हाय," मी म्हटलं. "तुमी डोळे मिटाचे. कापूस लागला की तिथं बोट ठेवाचं."

"कोनाची परीक्षा?" आईनं विचारलं. ती बाबांच्या मागं येऊन उभी राहिली होती.

"बाबाची."

"अन् मार्क कोनाले?"

"मले," मी म्हणून गेले. तिथंच चुकलं.

मी दंडाला कापूस लावला. बाबांनी बोट ठेवलं, बरोबर. कोपराखाली लावला, बरोबर. मग चट्ट्यावर लावला. क्षणभर काही नाही. आई खोकली. बाबा म्हणाले, "समजलं," आणि चट्ट्यावर बोट ठेवलं.

मी पुन्हा चट्ट्यावर लावला. आई खोकली. "समजलं!"

मला एवढा आनंद झाला की काय सांगू. मी तिसऱ्यांदा लावला, चौथ्यांदा लावला. सगळं बरोबर. मी फॉर्मवर लिहिलंही : 'स्पर्श समजतो.' आणि मी प्रामाणिक विद्यार्थिनी असल्यामुळे आईच्या फॉर्मवर लिहिलं : 'कोरडा खोकला, वारंवार.'

ते लिहिताना पेन थांबलं. सकाळपासून आई एकदाही खोकली नव्हती.

मी पुन्हा बसले. कापूस चट्ट्याजवळ नेला आणि न लावता तसाच वर धरला. मागून आईला तो लागल्यासारखाच दिसला असणार. ती खोकली.

"समजलं," बाबा म्हणाले आणि ठामपणे बोट ठेवलं.

"बाबा," मी म्हटलं, "मी लावलाच नाही."

बहीण कोपऱ्यात अभ्यास करत होती. ती म्हणाली, "आमच्या शाळेत अशे कॉपीबहाद्दर लगेच पकडते."

"आई, तू पानी आन मले."

"माठ इथंच हाय."

"विहिरीचं आन."

आई गेली. बाबांनी पुन्हा डोळे मिटले, या वेळी घट्ट, लहान मूल मिटतं तसे. मी चट्ट्यावर कापूस लावला. एकदा, दोनदा, पाच वेळा. मधोमध, काठाला, पुन्हा मधोमध. बाबा एसटीची वाट पाहत बसलेल्या माणसासारखे शांत बसले होते.

"कर ना वं सुरू," ते म्हणाले. "कायची वाट पाहून राह्यली?"

मी कापूस खाली ठेवला. मला रडायचं नव्हतं, कारण रडणाऱ्या नर्सवर कोण विश्वास ठेवेल, तेही 'एकशे आठ' नाव पडल्यावर. मी फॉर्म नीट घडी करत बसले.

बाबांनी डोळे उघडले, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "झालं होतं का?"

"हो."

"म्हंजे मी नापास."

मग त्यांनी हळूहळू सगळं सांगितलं. डाग त्यांना पोळ्याच्या आसपास दिसला होता. कोणी विचारलं तर चुना म्हणायचे. मग लोकांना खरं वाटावं म्हणून त्याच्या बाजूला दोन ठिपके खऱ्या चुन्याचे मारायचे. रोज सकाळी. अंघोळ झाली की आधी ठिपके, मग चहा.

"एकच डाग असला का मानूस पाहते," ते म्हणाले. "तीन असले का रंगारी समजते."

मी दिवाळीत 'तीन' लिहिलं होतं. माझ्या पहिल्या तपासणीतली ती एकमेव बारकाईची नोंद, आणि त्यातले दोन बाबांनी माझ्यासारख्यांसाठीच काढलेले.

"मंग सांगितलं काहून नाही?"

"सांगून काय करू? लोकाच्या घरात जाव लागते मले. आधीच दोन-चार घरी बाहेरच्याच भिंती देतात आपल्याले. हे समजलं तं थ्या बी नाही देनार." मग म्हणाले, "अन् तुह्या कॉलेजात समजलं तं? तुले काढलं तं?"

"मॅडमनीच तं ओळखलं, बाबा. यवतमाळात बसून. तुमचा हात न पाहता."

हे त्यांना फार आवडलं. म्हणजे आजार नव्हे, पण न पाहता ओळखणं. "भिंत न पाहता वल सांगितली," ते म्हणाले. "हुशार बाई हाय."

गोळ्या फुकट मिळतात, घेतल्या की बरं होतं, सुरू केल्यावर दुसऱ्याला लागत नाही, हे मी त्यांना तीनदा सांगितलं. ते ऐकून घेत होते, पण चेहऱ्यावरून वाटत होतं की त्यांना मोठेबांची बटणं आठवतायत.

"पक्कं ना?" त्यांनी विचारलं. "गोला नाही खाल्ला मी."

तेवढ्यात आई पाणी घेऊन आली आणि आमची तोंडं पाहून दारातच म्हणाली, "काय झालं? कमी पडले का मार्क?"

दुसऱ्या दिवशी मी आणि बाबा तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो. जाताना बाबांनी ठिपके मारले नाहीत. बाही मात्र खाली ओढली होती, त्या उन्हात.

डॉक्टर तरुण होते, थोडे घाईत. त्यांनी हात पाहिला, कोपराजवळची शीर बोटांनी चाचपली, मग कापूस काढला आणि डोळे मिटायला सांगितलं. मला खरी भीती ही होती की बाबा पुन्हा 'समजलं' म्हणतील.

डॉक्टरांनी दंडाला लावला. "समजलं." कोपराखाली. "समजलं." मग चट्ट्यावर. बाबा गप्प.

मग बाबा डोळे मिटूनच म्हणाले, "साहेब, लावला असन तं मले नाही समजला."

आमच्या घरात इतकं बरोबर उत्तर त्या वर्षी कोणी दिलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, लवकर आलात. बाबांनी फक्त एक प्रश्न विचारला. "ब्रश धरता येईन ना?" डॉक्टरांनी त्यांच्या दोन बोटांच्या फटीत एक कागद ठेवला आणि म्हणाले, घट्ट धरा, मी ओढतो. त्यांनी ओढला. बाबांनी सोडला नाही. पुन्हा ओढला, तर कागद फाटला आणि अर्धा बाबांच्या बोटांत राहिला. तो बाहेरच्या रांगेतल्या कोणाचा तरी केसपेपर निघाला. डॉक्टर म्हणाले, "बोटांत जोर आहे. काही होत नाही तुम्हाला. सहा महिने गोळ्या चुकवायच्या नाहीत, एवढंच."

पहिला डोस तिथल्या सिस्टरनी समोर बसवून दिला. त्यांनी सांगितलं की आज लघवी लाल होईल, घाबरू नका, आणि पुढं अंगाचा रंगही थोडा काळपट पडेल, औषध संपल्यावर हळूहळू जाईल.

"लाल म्हंजे कोनता लाल?" बाबांनी विचारलं. "गेरू का कुंकू?"

सिस्टर विचारात पडल्या. इतक्या वर्षांत त्यांना हे कोणी विचारलं नव्हतं. "गेरूकडं," त्या म्हणाल्या. संध्याकाळी बाबांनी घराबाहेरूनच ओरडून सांगितलं की सिस्टर चुकल्या, गेरूपेक्षा नारिंगीकडं आहे.

आता घरातल्या सगळ्यांनाही तपासून घ्या, असं दवाखान्यात सांगितलं होतं. त्यासाठी गावच्या आशाताई आठवड्यानं येणार होत्या. मला तेवढा धीर निघेना. बहीण लगेच बसली आणि पास झाली, शिवाय किती पैकी किती हेही विचारून घेतलं. आई मात्र टाळत होती. तिला चूल होती, भांडी होती, मग शेजारणीकडं काम निघालं. शेवटी बाबांनीच तिला दाराशी, आडव्या उजेडात आणून बसवलं.

"मले काय झालं?" आई म्हणाली.

"काही झालं नसन. म्हनूनच पाहू."

मी आईचे दोन्ही हात पाहिले, पाठ पाहिली, पाय पाहिले. कापूस वेचताना बोंडांनी ओरखडलेल्या खुणा, भाजल्याचा एक जुना डाग. कोपराच्या आतल्या बाजूला एक फिकट ठिपका होता, तांदळाएवढा. तो नखाएवढाही नव्हता, पण मी त्याच्यावर थांबले आणि आईनं माझा चेहरा पाहिला.

"डोळे मिट," मी म्हटलं.

तिनं मिटले, पण पापण्या हलत होत्या. एका डोळ्यातून ती पाहत होती.

"पाहून राह्यली थे!" बहीण ओरडली.

बाबा उठले. कॉपी कशी होते हे त्यांना आता घरात सगळ्यांत जास्त माहीत होतं. ते आईच्या मागं गेले आणि आपला उजवा तळहात तिच्या दोन्ही डोळ्यांवर ठेवला. चट्टा माझ्या समोर आला, बाही वर सरकलेली, ठिपके नाहीत.

"खरं सांगजो," बाबा तिला म्हणाले. "अन् खोकू नको. इथं खोटे मार्क नाही चालत."

मी दंडाला कापूस लावला. आईनं बोट ठेवलं. पायाला लावला, बोट ठेवलं. त्या ठिपक्यावर अगदी हलका लावला, इतका हलका की मलाच शंका आली. आईचं बोट लगेच तिथं आलं.

"गुदगुल्या होतात वं," ती म्हणाली.

मला खात्री करायची होती. मी कापूस पुन्हा ठिपक्याजवळ नेला आणि न लावता तसाच धरला. बाबा माझ्याकडं पाहत होते. बहीण पाहत होती. आई हाताखाली डोळे झाकून ताठ बसली होती. तिचं बोट हलेना.

"काहून थांबली वं?" आई म्हणाली. "लाव ना."